गाडीखाली पत्रा वाजतोय? हीट शिल्ड, गंज आणि ‘काढून टाका’ हा सल्ला

घरची गाडी दहा-बारा वर्षांपेक्षा जुनी असेल तर हा आवाज तुम्ही ऐकला असणारच. सकाळी गाडी स्टार्ट केली की खालून झर्रर्र असा, पत्रा थरथरल्यासारखा आवाज येतो. ॲक्सिलरेटर थोडा दाबला की बंद. सिग्नलला थांबलात की परत सुरू. दहा मिनिटं गाडी चालली की कधीकधी पूर्ण गायब. शेजारचे काका म्हणतात इंजिन गेलं, मित्र म्हणतो सायलेन्सर फुटला. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. सायलेन्सरच्या पाइपभोवती आणि त्याच्या वर जो पातळ पत्रा लावलेला असतो, त्याचा एखादा बोल्ट गंजून गेलेला असतो आणि पत्रा एका बाजूने सुटून वाजत असतो. हा पत्रा म्हणजे हीट शिल्ड.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, गॅरेज चालवत नाही. पण आमच्या घरची २०१० सालची पेट्रोल हॅचबॅक बाबा रत्नागिरीत चालवतात. म्हणजे वर्षातले चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा. गेल्या वर्षी तिचं शिल्ड सुटलं तेव्हा गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळाला, “काढून टाकू साहेब, काही फरक पडत नाही.” त्याच गाडीतून आई-बाबा आंबा घाट चढून कोल्हापूरला आजीकडे जातात, तेव्हा फरक पडतो की नाही हे समजल्याशिवाय मी हो म्हणणार नव्हतो. मग गाडीखाली टॉर्च मारून बघितलं, थोडं वाचलं, थोडं गणित केलं. ते सगळं इथे सांगतोय.

हा पत्रा करतो तरी काय?

पेट्रोल इंजिनवर चांगला लोड असताना त्यातून बाहेर पडणारा वायू ७०० ते ९०० अंश सेल्सिअस इतका तापलेला असतो. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागतो. प्रदूषण कमी करणारा हा डबा २५०-३०० अंशांच्या पुढेच कामाला लागतो आणि नेहमीच्या चालण्यात ४०० ते ८०० अंशांच्या दरम्यान असतो. आणि या सगळ्यापासून काही सेंटिमीटरवर काय काय असतं? पेट्रोलची टाकी, पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, वायरिंग आणि ज्याच्या वर कार्पेट आहे तो गाडीचा तळ. आजकाल बऱ्याच गाड्यांची टाकी प्लास्टिकची असते. हे प्लास्टिक १३० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याआधीच मऊ पडायला लागतं.

चालत्या गाडीखालून वारा जातो, त्यामुळे बरीच उष्णता उडून जाते. उरतो तो प्रश्न किरणोत्सर्गाचा, म्हणजे तापलेली वस्तू न शिवता लांबूनच जो चटका देते त्याचा. होळीसमोर उभे राहिलात आणि चेहऱ्यासमोर ताट धरलंत की चटका त्या क्षणी थांबतो. आजूबाजूची हवा तेवढीच गरम असते, फक्त किरणांची वाट अडलेली असते. हीट शिल्ड म्हणजे हेच ताट.

यातलं एक गणित मला फार आवडतं. किरणांनी जाणारी उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते आणि तापमान केल्व्हिनमध्ये धरायचं. पाइप ३०० अंश सेल्सिअस म्हणजे ५७३ केल्व्हिन. घाटात तो ६०० अंशांवर गेला तर ८७३ केल्व्हिन. ८७३ भागिले ५७३ म्हणजे साधारण दीड, आणि त्याचा चौथा घात पाचाच्या वर जातो. सेल्सिअसमध्ये आकडा दुप्पट झाला आणि चटका पाचपटीहून जास्त वाढला. म्हणून “मी तर रोज शिल्डशिवाय ऑफिसला जातो, काही झालं नाही” हा अनुभव शहरापुरता खरा असू शकतो आणि घाटात खोटा ठरू शकतो.

शिल्डची पहिली खुबी म्हणजे त्याची चकाकी. स्वच्छ, चकचकीत ॲल्युमिनियम त्याच्यावर पडलेल्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून जास्त परत फिरवतं. गंजलेला लोखंडी पत्रा मात्र उलट बहुतेक उष्णता पिऊन टाकतो. मग गंजलेलं शिल्ड ठेवून काय फायदा? फायदा आहे. तापलेली वस्तू आणि तिच्यासमोरची वस्तू यांच्यामध्ये अगदी काळाकुट्ट पत्रा जरी टांगला तरी पलीकडे जाणारी उष्णता साधारण निम्मी होते. शिवाय पाइप आणि पत्र्यामध्ये हवेची फट असते, तीही मदत करते. तेव्हा शिल्ड लाल पडलंय, कुरूप दिसतंय, एवढ्यावरून ते निकामी ठरत नाही. ते जागेवर घट्ट आहे का, हा खरा प्रश्न.

गंज बरोबर बोल्टपाशीच का?

गाडीखाली वाकून बघितलंत तर दिसेल की पत्रा मधे बऱ्यापैकी धड असतो आणि बोल्टच्या भोकाभोवती पोळीच्या कडेसारखा तुटलेला असतो. याला तीन-चार कारणं एकत्र येतात. बोल्टखाली फट असते आणि फटीत पाणी टिकतं. पत्रा तापतो, निवतो, पुन्हा तापतो आणि प्रत्येक वेळी भोकाशी थोडासा घासला जातो, त्यामुळे वरचा संरक्षक थर तिथेच आधी जातो. कन्व्हर्टरभोवती दोन शिंपल्यांसारखे पत्रे असतात, त्यांच्या मधे चिखल अडकतो. बाकीची गाडी वाळली तरी आतला चिखल दोन दोन दिवस ओला असतो.

ॲल्युमिनियमच्या शिल्डची गोष्ट वेगळी. ते लाल गंजत नाही, पण लोखंडी बोल्टला चिकटून असतं आणि वर खारं पाणी. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी म्हणजे चक्क बॅटरी झाली! या जोडीत ॲल्युमिनियम झिजतं. भोकाभोवती पांढरी भुकटी दिसते, भोक मोठं मोठं होत जातं आणि एक दिवस बोल्ट जागेवर राहून पत्राच त्याच्या डोक्यावरून निसटतो. तुमचं शिल्ड कशाचं आहे हे बघायला फ्रिजवरचं चुंबक पुरतं. चिकटलं तर लोखंड. चिकटलं नाही आणि पत्रा हाताला हलका, वाकणारा लागला, तर ॲल्युमिनियम.

आवाज मोबाईलने पकडायचा

आवाज एका ठरावीक वेगालाच का येतो, हे कळलं की निदान सोपं होतं. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात. आयडलला इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्या मारत असेल तर मिनिटाला १६०० धक्के, म्हणजे सेकंदाला साधारण २७. तीन सिलिंडर असतील तर फेरीला दीड स्फोट, म्हणजे सेकंदाला २०. इकडे प्रत्येक पत्र्याची स्वतःची एक थरथरण्याची लय असते. चारही बोल्ट घट्ट असताना पत्रा ताठ असतो आणि त्याची लय बरीच वरची असते, त्यामुळे इंजिनाचे धक्के त्याला फारसे हलवत नाहीत. एक बोल्ट गेला की मोकळा भाग लांब होतो, लय खाली येते आणि इंजिनाच्या लयीशी जुळते. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो उंच जातो, तसा पत्रा जोरात हलून शेजारच्या पाइपवर आपटायला लागतो. ॲक्सिलरेटर दाबला की धक्क्यांची लय बदलते आणि आवाज थांबतो. गाडी तापल्यावर पत्रा प्रसरण पावून कुठेतरी अडकतो, म्हणून दहा मिनिटांनी शांतता.

आता मोबाईल काढा. फायफॉक्स नावाचं एक मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्रविद्यापीठात तयार झालेलं. ते फोनमधले सेन्सर प्रयोगासाठी मोकळे करून देतं. फोन सीटवर सपाट ठेवून त्यातला कंपनांचा स्पेक्ट्रम उघडला की आयडलला एक टोक उभं राहिलेलं दिसतं. आमच्या गाडीत ते २७ च्या जवळ होतं, म्हणजे वरचं गणित समोर दिसलं. ही झाली इंजिनाची लय. मग खिडकी उघडून दहा सेकंद आवाज रेकॉर्ड करा आणि एखाद्या ऑडिओ एडिटरमध्ये झूम करून बघा. खडखडाटाचे ठोके सेकंदाला किती पडतात? ते इंजिनाच्या लयीशी जुळत असतील आणि रेस केल्यावर तिच्याबरोबर बदलत असतील तर तो आवाज इंजिनाच्या धक्क्यांमुळे येतोय. फक्त खड्ड्यांत वाजत असेल तर सस्पेन्शन किंवा सायलेन्सर टांगणारे रबर तपासायचे.

स्लो मोशनचा उपयोग तर याहून मजेशीर आहे. २४० फ्रेम प्रति सेकंदाने शूट केलं तर सेकंदाला २७ वेळा हलणाऱ्या पत्र्याच्या एका हेलकाव्याचे जवळजवळ नऊ फोटो मिळतात. डोळ्यांना नुसतं धूसर दिसणारं हलणं व्हिडिओत स्पष्ट दिसतं, कुठल्या टोकाला सुटलाय तेही कळतं. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. फोन सेल्फी स्टिकवर लावून बाजूने आत सरकवायचा. आपण स्वतः आत सरकायचं नाही. आणि फोन पाइपजवळ फार वेळ धरू नका, तो व्हिडिओ मग शेवटचा ठरायचा.

शेवटची खात्री सगळं थंड असताना करायची, म्हणजे गाडी बंद करून दोन-तीन तासांनी. हातमोजा घालून शिल्डवर, पाइपवर, कन्व्हर्टरवर हलकेच मूठ मारत जा. छन्न असा टिनचा आवाज आला की सापडलं. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज कन्व्हर्टरच्या आतून आला तर मात्र आतली सिरॅमिकची वीट फुटलेली असू शकते, ते मोठं काम आहे. आणि फट्फट् असा आवाज, जोडाशी काळी काजळी, असं दिसलं तर एक्झॉस्ट लीक आहे. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो दिसत नाही, त्याला वास नसतो. अशी गाडी बंद पार्किंगमध्ये एसी लावून उभी ठेवायची नाही, झोपायचं तर अजिबातच नाही.

काढायचं की ठेवायचं?

गॅरेजवाल्याची बाजूही समजून घ्या. गंजलेला बोल्ट सोडवताना तुटतो, मग ड्रिल करा, वेळ जातो आणि गिऱ्हाईक पन्नास रुपयांच्या बोल्टसाठी तासाभराची मजुरी देत नाही. पत्रा ओढून काढला की दोन मिनिटांत आवाज बंद, गिऱ्हाईक खूश. सल्ला देणारा लबाड असतोच असं नाही. पण त्याने आवाज मिटवलेला असतो. उष्णता आहे तिथेच असते.

शिल्ड कुठलं आहे यावर उत्तर ठरतं. माझं मत सांगतो. पेट्रोलच्या टाकीजवळचं, इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्यांजवळचं आणि कन्व्हर्टरभोवतीचं शिल्ड कधीच काढून द्यायचं नाही. मॅनिफोल्डवरचंही नाही, कारण त्याच्या आसपास वायरिंग आणि रबरी नळ्या असतात. शेवटच्या सायलेन्सरवर एखादा छोटा तुकडा असेल, समोर नुसता उघडा पत्रा असेल, तर तिथे वाद घालायला जागा आहे. तरीसुद्धा कंपनीने तो फुकट लावलेला नसतो. एकेक रुपया वाचवणारे लोक आहेत ते.

चिपळूणला माझा मामा राहतो. त्याच्या गाडीचं तळाचं शिल्ड एका गॅरेजने असंच काढून दिलं होतं. चिपळुणात महिनाभर काही जाणवलं नाही. मग कराडला जाताना कुंभार्ली घाटात, गाडीत पाच माणसं, दुसऱ्या गिअरला चढ. मामीने चप्पल काढून ठेवली होती. तिने पाय झटकन वर घेतले, एवढा कार्पेट तापला होता. जळका वास नव्हता, धूर नव्हता, पण थांबून मॅट उचलली तर ती खालून मऊ पडलेली. नवं शिल्ड बसवेपर्यंत मामाने घाट बंद केला.

आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे जी परदेशी व्हिडिओंत कोणी सांगत नाही, ती म्हणजे नंतर बसवलेलं सीएनजी किट. डिकीतल्या टाकीपासून इंजिनापर्यंत जाणारी नळी गाडीखालून जाते आणि टाकी पूर्ण भरलेली असताना तिच्यात २०० बारच्या आसपास दाब असतो. गाडी बनवणाऱ्याने शिल्डची जागा ठरवली तेव्हा ही नळी त्याच्या डोळ्यांसमोर नव्हती. ती कुठून नेली आहे, पाइपपासून किती लांब आहे, मधे पत्रा आहे का, हे एकदा स्वतः बघा. बीएस-६ डिझेल असेल तर त्यातला काजळी पकडणारा फिल्टर स्वतःला साफ करताना मुद्दाम ६०० अंशांच्या आसपास तापवला जातो, कधी कधी गाडी हळू चालत असतानाही. तिथे शिल्ड काढण्याचा विचारही नको.

आणि शिमगा. मार्चमध्ये गावी गेलो की पालखीच्या दिवशी गाड्या कुठे लावतात? सड्यावर, गुडघाभर वाळलेल्या गवतात. घाट उतरून आलेली गाडी, खाली उघडा तापलेला कन्व्हर्टर आणि त्याला टेकलेलं गवत. गाडी उभी आहे म्हणजे वाराही बंद. खालच्या बाजूचं शिल्ड याच क्षणासाठी असतं. शिल्ड असलं तरी गाडी मोकळ्या मातीवर लावलेली बरी.

दुरुस्ती: स्वस्त आणि टिकाऊ

कन्व्हर्टर किंवा पाइपभोवतीचं शिंपल्यासारखं शिल्ड सुटलं असेल तर सगळ्यात सोपा उपाय आहे स्टेनलेस स्टीलची होज क्लिप, तीच स्क्रूने आवळायची, जी पाण्याच्या पाइपला लावतात. पाइप आणि शिल्ड मिळून दोऱ्याने घेर मोजा, हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पूर्ण स्टेनलेस मागा. काही क्लिपांचा पट्टा स्टेनलेस असतो आणि स्क्रू साधा, तो वर्षभरात गंजतो. चुंबक इथेही घेऊन जा. काही जातींचं स्टेनलेस थोडं चिकटतं, पण स्क्रू पट्ट्यापेक्षा जोरात चिकटला तर समजायचं. घेर मोठा असेल तर दोन क्लिपा एकमेकींत अडकवून एक लांब क्लिप होते. पत्रा वाजायचा थांबेल एवढंच आवळायचं, हवेची फट चेपली जाईल इतकं नाही. स्क्रूचं डोकं अशा बाजूला ठेवा की पुढच्या वेळी स्क्रूड्रायव्हर पोचेल. मला दोन क्लिपांचे १६० रुपये पडले.

तळाच्या सपाट शिल्डचं भोक मोठं झालं असेल तर मोठ्या घेराचा स्टेनलेस वॉशर घालून तोच बोल्ट परत लावायचा. बोल्ट बहुतेक दहा किंवा बारा नंबरच्या पान्याचे असतात. गंजलेला बोल्ट थेट जोर लावून फिरवू नका. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून आटे आतून पाचर मारल्यासारखे घट्ट झालेले असतात. गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्री मारा, सकाळी पुन्हा मारा. मग आधी किंचित आवळून बघायचं, मग थोडं सैल, परत थोडं घट्ट, असं मागेपुढे करत काढायचं. गॅरेजमध्ये कोणी गॅसच्या ज्योतीने बोल्ट तापवायला निघालं तर बाजूला पेट्रोलची नळी कुठे आहे ते आधी विचारा. नवा बोल्ट लावताना आट्यांना अँटी-सीझ लावा, पुढच्या वेळी तुमचेच आभार मानाल.

काय वापरायचं नाही तेही सांगतो. प्लास्टिकचे टाय पहिल्याच फेरीत वितळतात. बांधकामाची तार आठवडाभर छान दिसते आणि पहिल्या पावसाळ्यात गंजून तुटते. साधी एपॉक्सी लांबी एवढी उष्णता सहन करत नाही. आणि गाडीच्या तळाला मारतात ते डांबरासारखं अँटी-रस्ट कोटिंग एक्झॉस्टवर किंवा त्याच्या शिल्डवर मारू देऊ नका, ते तापून धूर करतं आणि पेटूही शकतं.

पत्रा चाळणीसारखा झाला असेल तर नवं शिल्ड घ्यावं. कंपनीच्या पार्ट्सच्या दुकानात गाडीचा चॅसी नंबर दिला की भाग क्रमांक मिळतो. जुन्या मॉडेलसाठी भंगार बाजारातलं धड शिल्डही चालतं, बोल्टची भोकं शाबूत आहेत ना एवढं बघून घ्या.

हे घरी करणार असाल तर एकच अट, गाडी नुसत्या जॅकवर असताना अंगाचा कुठलाही भाग खाली जाता कामा नये. विटा रचून तर मुळीच नाही, वीट भाराखाली अचानक फुटते. स्टँड नसेल तर खड्डा किंवा लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये जा आणि आधी काढलेला व्हिडिओ दाखवून एवढंच म्हणा, “शिल्ड काढायचं नाही, क्लिप मारून बसवायचं.” मी क्लिपा सोबत नेल्या होत्या. काम वीस मिनिटांत झालं.

पहिल्या फेरीत स्प्रेचं उरलेलं तेल जळून थोडा वास येतो, तो पंधरा-वीस मिनिटांत जायला हवा. त्यानंतरही जळका किंवा पेट्रोलचा वास येत राहिला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर, थंड असताना, क्लिप एकदा परत आवळून घ्या, कारण तापून-निवून ती थोडी सैल पडते. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेली असेल, तर घरी आल्यावर एक्झॉस्ट थंड होऊ द्या आणि मग साध्या पाण्याने तळ धुऊन टाका, शिल्डच्या मधली वाळू आणि चिखल निघेपर्यंत.